वहिनी, ताट इतकं रिकामं नको

ती. वहिनींस,


दादा परवा म्हणाला की तुमचं वजन चार किलोंनी उतरलंय आणि तुम्ही दोन्ही वेळा मऊ भात आणि तूप-मिठावर राहताय. तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर तुम्ही 'बरी आहे गं' म्हणून विषय बदलाल, म्हणून सविस्तर लिहिते. लोकांचे आहार ठरवून देण्यात माझा दिवस जातो, आणि आपल्याच घरात तुम्ही उपाशी राहावं हे मला बघवत नाही.

एन्डोस्कोपीचा रिपोर्ट दादाने पाठवला, तो मी नीट वाचला. जठराच्या अस्तराला जुनी सूज आहे आणि तुकड्याच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडलाय. आई म्हणते तसं हे ठेच्याने झालेलं नाही, हे मी तिलाही सांगणार आहे. पूर्वी डॉक्टरसुद्धा तिखटाला आणि मनावरच्या ताणालाच दोष देत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जिवाणू वाढवून दाखवला, तरी कुणाला पटेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हा जिवाणू बहुतेकांच्या पोटात लहानपणीच शिरतो. तेव्हा तुमच्या स्वयंपाकाला किंवा खाण्याला कुणी बोल लावत असेल तर ऐकून घेऊ नका.

पण मग हेही खरं, की जो जिवाणूमुळे झाला तो आजार पथ्याने जात नाही. चौदा दिवसांच्या गोळ्या तुम्ही तोंड कडू पडलं म्हणून पाचव्या दिवशी सोडल्यात. ती कडवट चव क्लॅरिथ्रोमायसिनची. त्रासदायक असते, पण कोर्स संपला की जाते. अर्ध्यावर सोडलेल्या प्रतिजैविकाला जिवाणू सरावतो आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडेलच असं नाही. म्हणून उरलेल्या गोळ्या परस्पर परत सुरू करू नका. कदाचित डॉक्टर औषधं बदलून देतील. कोर्स झाल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेला की नाही ते बघावं लागतं. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवायची असते, नाहीतर रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

ती आम्लाची गोळी, पँटोप्राझोल, तुम्ही जेवणानंतर घेता असं दादा म्हणाला. ती अनशापोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. अन्न आलं की जठरातली आम्ल सोडणारी यंत्रणा जागी होते, त्या वेळी औषध रक्तात हजर हवं. आणि ती वर्षानुवर्षं दुकानातून आणून खाण्याची गोळी नाही, दीर्घकाळ घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. बऱ्याच दिवसांनी एकदम थांबवली तर आम्ल उसळी मारतं आणि आजार उलटला असं वाटतं. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची.

गुडघ्यासाठी घेता ती डायक्लोफेनॅक मात्र आजच थांबवा. अस्तरावर जो संरक्षक थर असतो तो अशा गोळ्या पातळ करतात. गुडघ्याला दुसरं काय चालेल ते त्याच डॉक्टरांना विचारा.

आता पथ्य. व्हॉट्सॲपवरच्या याद्या वाचून तुम्ही दूध, गहू, डाळी, वांगं, टोमॅटो, सगळंच सोडलंत. पदार्थ वगळायचा तो त्याची परीक्षा घेण्यासाठी, जन्मभर टाकण्यासाठी नाही. वगळणं दोन ते चार आठवडे, त्यापुढे नाही, आणि तेही फक्त संशय असलेल्या गोष्टींचं. तुमच्या बाबतीत माझा संशय रिकाम्या पोटीचा चहा, लाल तिखट, चिंच-टोमॅटोचं आंबट आणि तळणावर आहे. दूध प्यायलं की घटकाभर बरं वाटतं, पण नंतर त्यानेच आम्ल वाढतं, म्हणून तेही यादीत घ्या. बाकी मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, लाल भोपळा, केळं, चालत असेल तर उकडलेलं अंडं, हे सगळं आजपासून पोटात जाऊ दे. सूज भरून यायला प्रथिनं लागतात आणि नुसत्या भातात ती पुरेशी नाहीत. गहू सोडण्याआधी सीलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्यायला हवी होती, कारण गहू पोटात नसताना ती फसते. डॉक्टरांना ती करायची असेल तर ते सांगतील तितके दिवस चपाती खा.

वेगळा स्वयंपाक करू नका, तुमचा जीव त्यातच दमतो. वरण शिजलं की तिखटाची फोडणी घालायच्या आधी तुमची वाटी काढून ठेवायची आणि मग बाकीची आमटी करायची. सगळ्यांची पानं उठेपर्यंत थांबायचंही बंद करा. दुपारी तीनला जेवायचं आणि मध्ये दोन वेळा चहा, यातून कुणाचंच पोट बरं होणार नाही. संकष्टी आणि सोमवार सध्या राहू देत. साबुदाणा, शेंगदाणे आणि तळलेले पापड ज्या दिवशी होतात, त्या दिवशी तुम्हाला सगळ्यात जास्त जळजळ होते हे तुम्हीच मला सांगितलंय.

पोट शांत झालं की एकेक पदार्थ परत आणायचा. समजा दूध. पहिल्या दिवशी सकाळी अर्धा कप, दुसऱ्या दिवशी एक कप, तिसऱ्या दिवशी नेहमीइतकं. वहीत फक्त वेळ, काय खाल्लं आणि काय झालं एवढंच लिहा: 'साडेसात, अर्धा कप दूध, अकराला पोट गच्च.' तीन दिवस त्रास नाही झाला तर दूध निर्दोष, ते ताटात परत. मग टोमॅटो, मग तिखट. दोन गोष्टी एकदम आणल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही. आणि त्रास झालाच तर तो पदार्थ पुढे थोड्या प्रमाणात पुन्हा करून बघायचा, कारण बरं झालेलं पोट पुष्कळदा आधी न सोसलेलं सोसतं.

शौचाला डांबरासारखी काळी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, घास अडकायला लागला, तर तो दिवस वाया घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. वजन उतरलंय हेही डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा, पथ्यामुळे असेल म्हणून लपवू नका.

सोमवारची वेळ घ्या. दादाला सोबत न्या, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि एन्डोस्कोपीचा रिपोर्ट पिशवीत घाला आणि कोर्स मध्येच सोडला हे न घाबरता सांगा. जाण्याआधी वरण-भात पोटभर खाऊन निघा.

तुमची,
धाकटी नणंद