तेरडा: अवधी आणि मूल्य

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीचा वाच्यार्थ फुलाविषयी असला, तरी रोख माणसावर आहे. नव्याची नवलाई ओसरताच ज्याचा उत्साह मावळतो, त्याच्यावरची ही अन्योक्ती. अन्योक्तीत प्रस्तुताचे दोष अप्रस्तुताला चिकटतात. त्या न्यायाने तेरडा चंचल ठरला. परंतु चांचल्य हा संकल्पाचा दोष आहे, आणि अल्पायुष्य ही केवळ वस्तुस्थिती. शब्द देऊन न पाळणारा दोषी. ज्याने शब्दच दिला नाही त्याला कसला बोल लावायचा? म्हण हा भेद पुसते, आणि जे टिकते तेच मोलाचे, हे गृहीतक ऐकणाऱ्याच्या नकळत त्याच्या पदरी बांधते.

लोकाचाराने हे गृहीतक मानलेले दिसत नाही. उत्तर कोकणात, पालघर-बोईसरच्या परिसरातही, भाद्रपदात अनेक घरी गौर येते ती तेरड्याच्याच रूपाने. बांधावरचा, माळावरचा तेरडा मुळासकट उपटून आणतात; ती मुळे म्हणजे गौरीची पावले. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. मुक्काम तीन दिवसांचाच. म्हणीने ज्या अवधीवरून तेरड्याला हिणवले, तोच अवधी आचाराने माहेरपणाचे माप म्हणून स्वीकारला. एकाच भाषिक समाजाचे एकाच झाडाविषयीचे हे दोन निवाडे आहेत. त्यांचा समन्वय लावण्याची घाई समीक्षेने करू नये.

टिकाऊपणाच्या मूल्याची खरी कसोटी लागते ती शेजारच्या तारापूरला. तेथील अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. अणुभट्टीतून निघणाऱ्या वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम-२३९ असते आणि त्याचा अर्धायुकाल सुमारे २४,००० वर्षांचा आहे. टिकणे हाच गुण मानला, तर तेरड्याच्या शेजारी हा पदार्थ परमगुणी ठरेल. (म्हण रचणाऱ्याची ही थट्टा नव्हे, त्याच्यापुढे असा पदार्थच नव्हता.) या टिकाऊपणाचा भार मात्र अशा पिढ्यांवर पडतो, ज्यांची संमती कधीच घेता येणार नाही. मराठीचे लिखित आयुष्य या कालमानापुढे नगण्य आहे. तेव्हा धोक्याची सूचना कोणत्या भाषेत लिहून ठेवावी, हा प्रश्न येथे अलंकारिक राहत नाही.

तेरडा वर्षायू आहे. पिकलेले फळ नुसत्या स्पर्शाने तडकते, बी दूर उडते, आणि पावसाळा सरल्यावर झाड वाळते. पुढल्या वर्षीचा तेरडा तो नव्हे. गौर मात्र तीच येते. हे सातत्य पुनरागमनाचे आहे, आणि पुनरागमनाला मोकळी माती लागते. बांध बुजवून जेथे कारखाने आणि इमारती उठल्या, तेथे गौर बाजारातल्या जुडीतून येते. मुळे शाबूत आहेत ना, एवढे गिऱ्हाईक पाहून घेते.