एकत्र राहण्याचा हक्क आणि कर्तव्य



आज पवित्र कुटुंबाचा सण. शुभवर्तमानात आपण ऐकले की, स्वप्नात इशारा मिळताच संत योसेफ रात्रीच उठला आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन इजिप्तला निघाला. ‘तू माहेरी थांब, मी पुढे जाऊन बघतो’ असे तो मरियेला म्हणाला नाही. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जो दस्तऐवज काढला, त्याच्या सुरुवातीलाच या परागंदा कुटुंबाला सर्व स्थलांतरित कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे.

योसेफाला व्हिसा लागला नाही, हे खरे. आपल्या मुलामुलींना लागतो.

आपल्या धर्मग्रामातील एक सून (तिच्या व तिच्या पतीच्या परवानगीने लिहीत आहोत) हा दुसरा नाताळ पतीशिवाय सासरी साजरा करीत आहे. पती इंग्लंडमध्ये नर्स आहे, त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली आहे. तीन आठवड्यांच्या रजेवर तो आला, लग्न झाले, तो परत गेला. मग कागद सुरू झाले. पत्नीला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किती हवे, याचा नियम तिथे २०१२ साली आला. तेव्हा ते १८,६०० पौंड होते, एप्रिल २०२४ मध्ये २९,००० झाले. शिवाय इंग्रजीची परीक्षा, क्षयरोग नसल्याचा दाखला, अर्जाची भली मोठी फी आणि तिथल्या आरोग्यसेवेसाठीची आगाऊ रक्कम. त्यावर लग्न खरे आहे याचा पुरावा: फोटो, फोनच्या नोंदी, विमानाची तिकिटे.

अर्ज नाकारला गेला. एक कारण असे की, चर्चच्या विवाह-दाखल्यावरील तारीख अर्जातील तारखेशी जुळत नव्हती. तो दाखला आमच्याच कार्यालयातून गेला होता. नोंदवहीत तारीख बरोबर आहे. उतरवून घेताना महिना चुकला आणि आम्ही न वाचता सही केली. ती मुलगी आमच्याकडे आली तेव्हा ‘बाळ, धीर धर, देवाची इच्छा’ असे सांगून आम्ही तिला परत पाठवले. नकाराचे पत्र तिच्या हातात होते, पण आम्ही ते वाचायला मागितले नाही. महिन्याभराने सासऱ्यांनी ते आणून दाखवले, तेव्हा कळले की आमची चूक आम्ही देवाच्या नावावर खपवली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक गोष्ट मनावर बिंबवली जाते: एखादी गोष्ट असणे वेगळे आणि ती सिद्ध करता येणे वेगळे. परदेशातील अधिकाऱ्याला दुसरेच तेवढे तपासता येते. त्याला सरसकट दोष देण्यात अर्थ नाही, व्हिसासाठी खोटी लग्नेही होतात. विवाहापूर्वी आम्हीही वधूवरांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतो. पण एकदा संस्कार झाला, सह्या झाल्या, की आम्ही पुन्हा विचारत नाही. धर्मग्राम मात्र विचारत राहतो. ‘अजून नेले नाही का? तिकडे दुसरी तर नाही ना?’ ही मुलगी आता पहाटेच्या मिस्साला येते, कारण साडेआठच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात तिला उभे राहवत नाही. आवारात कोण उभे असते, ते आम्ही वेदीवरून उतरताना पाहतो.

एकत्र राहणे हे पती-पत्नीचे कर्तव्य आहे आणि हक्कही आहे, असे चर्चच्या कायद्याचे ११५१ वे कलम सांगते. योग्य कारण असेल तरच त्यातून सूट. व्हॅटिकनने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेतही, परदेशी काम करणाऱ्यांचे कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र यावे, हा हक्क नमूद आहे. तेव्हा तिकडे जाऊन चार-पाच वर्षे झाली तरी ‘अजून सेटल झालो नाही’ म्हणत ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांच्याशी आम्हाला बोलायचे आहे. फोनवरही चालेल.

दुसरी गोष्ट. ‘फादर, आधी कोर्टात नोंदणी करतो, व्हिसा आला की चर्चमध्ये लग्न’ असे सांगणारे वाढले आहेत. व्हिसा नाही आला तर? अशाच एका मुलीचा व्हिसा नाकारला गेल्यावर मुलाकडच्यांनी संबंध तोडले. सरकारच्या लेखी ती विवाहित, चर्चच्या लेखी अविवाहित. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ पासून आहे आणि चर्चमध्ये झालेला विवाह कायद्यालाही मान्य आहे. मग ही उलटी घाई कशासाठी?

त्या दोघांचा दुसरा अर्ज दुरुस्त दाखल्यासह गेल्या महिन्यात गेला. फी पुन्हा भरावी लागली. तिचा भार आम्ही उचलू म्हटले, तर सासऱ्यांनी हात जोडून नकार दिला. आज साडेआठच्या मिस्सात त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना आहे.

परदेशी अर्जासाठी दाखला हवा असेल त्यांनी दोघांच्या पासपोर्टच्या प्रती कार्यालयात आणाव्यात. नाव, आडनावाचे स्पेलिंग आणि तारीख आमच्यासमोर बसून वाचून पाहावी. त्यानंतरच आम्ही सही करू.

आपले प्रमुख धर्मगुरू