पोह्यांवरचा खटला

गेली दोन-तीन वर्षे मराठी मध्यमवर्गात पोह्यांवर खटला चालू आहे. फिर्यादी आहे दंडावर चिकटवलेली एक चकती. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली काही मिलिमीटर शिरते, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि आकडा फोनवर धाडते. नाश्त्यानंतर आलेख चढला की त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतो. मग पोहे, साबुदाण्याची खिचडी, इडली एकेक करून पिंजऱ्यात उभी राहतात. आरोपीला वकील मिळत नाही.

गंमत अशी, की ही चकती लावणाऱ्यांत मधुमेह नसलेलेही पुष्कळ असतात. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी असा सेन्सर चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली आणि निरोगी माणूस अधिकृतपणे गिऱ्हाईक झाला. या पंथाच्या प्रचारकांचे ठरलेले वाक्य आहे: जे मोजत नाही ते सुधारत नाही. कारखान्यात ते खरे असेलही. पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दीडशेच्या वर निरोगी माणसांना हे सेन्सर लावून पाहिले, तेव्हा त्यांचीही साखर दिवसातला साधारण अर्धा तास १४० च्या वर जात होती. म्हणजे चढणे-उतरणे हा निरोगी शरीराचा नित्यक्रम झाला. तो पहिल्यांदाच डोळ्यांसमोर आल्यावर माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला पुढची चकती विकणे सोपे जाते.

महाराष्ट्राला हा ज्वर नवा नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनच वेळा आणि पंचावन्न मिनिटांत जेवायला सांगितले. ऋजुता दिवेकरांनी थोडे थोडे, वरचेवर आणि आजीच्या हातचे खायला सांगितले. घरोघरी दोन तट पडले. दीक्षितांच्या मोहिमेने ‘तीन महिन्यांची साखर’ आणि उपाशीपोटीचे इन्सुलिन हे शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोचवले, हे मात्र मान्य करायला हवे.

इतके वाचून एखादे जुन्या वळणाचे डॉक्टर खूश होतील. ‘आम्ही सांगतच होतो, पेशंटने यंत्रांशी खेळू नये,’ म्हणतील. त्यांनी जरा थांबावे, कारण रिचर्ड बर्नस्टाईनची गोष्ट त्यांच्याच अंगावर येते.

बर्नस्टाईन अमेरिकन इंजिनिअर. १९४६ मध्ये, बाराव्या वर्षी, त्यांना टाइप वन मधुमेह झाला. त्या काळी घरी साखर बघायची म्हणजे लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळायची: निळी राहिली तर ठीक, विटकरी झाली तर वाईट. पण लघवीतली साखर कित्येक तासांपूर्वीची खबर देते, आणि साखर घसरल्याची तर देतच नाही. ऐन चाळिशीच्या आत बर्नस्टाईनच्या मूत्रपिंडांनी आणि डोळ्यांनी कुरकुर सुरू केली होती. १९६९ मध्ये एका व्यावसायिक मासिकात त्यांना रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात दिसली. यंत्राचे वजन दीड किलोच्या आसपास, किंमत साडेसहाशे डॉलर. ते मुळात इस्पितळांसाठी होते. रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध आणलेला माणूस दारू प्यायलेला आहे की मधुमेही, एवढे ठरवायला. रुग्णाला ते विकत मिळत नसे. बर्नस्टाईनची पत्नी डॉक्टर होती. तिच्या नावावर त्यांनी ते मागवले.

मग हा माणूस दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचू लागला. कशाने साखर किती चढते, इन्सुलिनच्या किती युनिटने किती उतरते, याचे त्याने कोष्टक बांधले. दिवसातून एकदा घ्यायचा मोठा डोस मोडून लहान-लहान केले. तब्येत सुधारत गेली. त्याने हे लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवले, तर लेख साभार परत. रुग्णाने स्वतःची साखर मोजावी ही कल्पनाच तेव्हा वैद्यकाच्या पचनी पडत नव्हती. शेवटी पंचेचाळिसाव्या वर्षी बर्नस्टाईन मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि डॉक्टर झाले, कारण डॉक्टरचेच ऐकतात. त्यांचा अत्यल्प कर्बोदकांचा आहार आजही वादग्रस्त आहे. मोजण्याबाबत मात्र ते जिंकले. १९९३ मध्ये टाइप वनच्या १४४१ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: वारंवार मोजून साखर आटोक्यात ठेवली तर दृष्टिपटलाचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. घरच्या ग्लुकोमीटरवाचून हे शक्यच नव्हते.

तेव्हा चकतीला सरसकट हसण्यात अर्थ नाही. टाइप वनच्या मुलाच्या आईला रात्री दोनला गजर देऊन उठवणारा सेन्सर हे या काळाचे खरे देणे आहे. फरक पडतो तो आकडा दिसल्यावर हातात काय असते याने. बर्नस्टाईनच्या हातात इन्सुलिनची सिरिंज होती. नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० टाइप टू रुग्णांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. वर्षभर रोज बोट टोचणाऱ्यांच्या आणि न टोचणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेत लक्षणीय फरक निघाला नाही. निरोगी माणसाच्या हातात तर फोनच असतो.

आणि पोह्यांना शिक्षा ठोठावण्याआधी पुण्यातलीच साक्ष काढायला हवी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काटा दोघांना सारखाच ‘सडपातळ’ म्हणत होता. ही तफावत कळली ती यंत्रामुळेच. तंत्रज्ञानाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

पण याज्ञिकांनी कारण शोधले ते ताटात नव्हे, गर्भाशयात. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने बायकांचा गरोदरपणाआधीपासून माग ठेवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची भरली; इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली. पुढे दिसले, की आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहाव्या वर्षी मुलाचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देते. या बायका घर सांभाळून शेतातही राबणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या जेवणात बी-१२ देणारे दूध-मांस बेताचेच. आज तिशीतल्या ज्याच्या दंडावर चकती आहे, त्याच्या आलेखाचा काही भाग तीस वर्षांपूर्वी त्याच्या आईच्या ताटात ठरलेला असू शकतो. फोनवरचे ॲप त्याला फक्त एवढेच सांगते: तू नाश्ता चुकवलास. सामाजिक कर्जाची वसुली एकट्या माणसाकडून करण्याचा हा प्रकार सेन्सरच्या अचूकतेने सुधारत नाही, उलट अधिक पटणारा होतो.

त्याच परिसरात २०१२ पासून किशोरवयीन मुलामुलींना, म्हणजे ती आईबाप होण्याच्या कितीतरी आधी, बी-१२ ची अगदी लहान मात्रा देऊन पाहिली गेली. मुलींना ती बाळंतपणापर्यंत मिळाली. बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. पण पुढे आकलन आणि भाषेच्या चाचण्यांत ती मुले सरस ठरली. आपल्या शाळांतून दर आठवड्याला जी सरकारी गोळी वाटतात तिच्यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असते, बी-१२ नसते. ते घालावे, असे याज्ञिक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.