अंगठ्याची राखण

ऑनलाइन फसवणुकीवरची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा ओटीपीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, लोभात पडू नका. सल्ला खरा आहे आणि शहरात तो रोज कुणाला तरी वाचवत असेल. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराभोवतालच्या गावांत तो नेऊन पाहिला की लगेच तोकडा पडतो. कारण गावात बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या बँकमित्राकडून पैसे काढायला ओटीपी लागतच नाही. त्याच्या यंत्रात बँकेचे नाव आणि आधार क्रमांक भरला, काचेवर अंगठा ठेवला की झाले. कार्ड नको, पिन नको, फोनही नको. जिथे बँकेची शाखा गाठण्यात दिवस जातो तिथे ही सोय मोठीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र जिथे माणसाची सगळी ओळख एका अंगठ्यात साठवली आहे, तिथे त्या ओळखीची राखण एकट्या अंगठेवाल्याच्या सावधपणावर टाकून मोकळे होता येणार नाही. ती जबाबदारी आधी अंगठा घेणाऱ्यावर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्यावर, त्याला ते देणाऱ्या बँकेवर आणि शासनावर असली पाहिजे.

सूरजागडला हा प्रश्न आज का भिडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. इथल्या लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ सालचा. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी इथे खनिज वाहतुकीची ऐंशीच्या आसपास वाहने जाळली, आणि खाणकामाने खरा वेग घेतला तो २०२१ नंतर. जिल्ह्यातल्याच कोनसरीला या खनिजाचा कारखाना उभा राहिला. १ जानेवारी २०२५ रोजी गर्देवाडा-वांगेतुरीच्या रस्त्याने स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. खाणीतल्या कामगारांना, त्यात आत्मसमर्पण केलेले माओवादीही आले, खाण चालवणाऱ्या कंपनीचे शेअर मिळाले. म्हणजे जिथे एसटी पोचायला सत्त्याहत्तर वर्षे लागली तिथे पगाराचे खाते आणि शेअर एकाच दमात पोचले. घरातल्या बाईच्या नावावर लाडक्या बहिणीचे दीड हजार, कुणाच्या नावावर रोजगार हमीची मजुरी, उन्हाळ्यात फळीवर घातलेल्या तेंदूच्या पुड्यांचे पैसे, रेशन, पोरांची शिष्यवृत्ती. यातले बरेचसे त्याच एका आधार क्रमांकाशी जोडलेले असते. पैसा इतक्या वाटांनी येतो आणि कुलूप एकच असते, तेव्हा चोराला फार शोधाशोध करावी लागत नाही.

हे कुलूप उघडते कसे, ते जरा जवळून पाहू. बांबू तोडून, तेंदू खुडून, माती उपसून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचा ठसा पहिल्या फटक्यात उमटत नाही. त्यामुळे ‘उमटला नाही, पुन्हा ठेव’ हे वाक्य त्यांना रोजचेच झालेले असते. यंत्र चालवणारा लबाड निघाला तर हेच वाक्य त्याच्या कामी येते: पहिल्या ठशावर पैसे निघालेले असतात, दुसऱ्या ठशावर निघालेले तो हातात ठेवतो. शिल्लक बघायला आलेल्या माणसाच्या ठशावर रक्कम काढता येते. पडदा चालकाकडे तोंड करून असतो आणि पावतीचा कागद नेमका संपलेला असतो. खात्याला फोन नंबर जोडलेला नसेल, किंवा जोडलेला नंबर भलत्याचाच असेल, तर संदेशही येत नाही. झारखंडमध्ये २०२० साली अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा जो घोटाळा बाहेर आला, त्यात दलाल, शाळेतली काही मंडळी आणि बँकेचे प्रतिनिधी अशी साखळीच होती. कागदपत्रे आणि अंगठे खऱ्या माणसांचे, पैसा मात्र वाटेतच मुरलेला. आणि माणूस समोर असण्याचीही गरज उरलेली नाही. गडचिरोलीतल्याच सिरोंच्याहून फार लांब नसलेल्या तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८ मध्ये सिमकार्ड विकणाऱ्या एकाने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि परक्यांच्या नावावर हजारो सिमकार्डे सुरू केली. त्या दस्तांच्या मालकांनी कुठलीही लिंक उघडली नव्हती. त्यांनी जमिनीचा कायदेशीर व्यवहार केला होता, आणि सरकारने त्यांचा अंगठा जगापुढे ठेवला होता.

‘लोक लोभी असतात म्हणून फसतात’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हाची दोन प्रकरणे घ्या. नांदेड जिल्ह्यात हदगाव तालुक्यातल्या मनाठा येथे सुविधा केंद्र चालवणाऱ्याने रोजगार हमीचे पैसे येणार आहेत असे सांगून पुरुषांची आधार कार्डे आणि पासबुके जमवली, बहिणींच्या नावाचे पैसे त्या खात्यांत उतरवले आणि काढून घेतले. खारघरच्या एका महिलेला अर्ज भरताना कळले की आपल्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज केला आहे. माग काढत गेल्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका जोडप्याने असे कितीतरी अर्ज भरल्याचे निघाले. मनाठ्याच्या मजुराचा लोभ कोणता? केलेल्या कामाची मजुरी मिळावी हा? त्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, ज्याबद्दल फार कमी बोलले जाते. त्याच्या खात्यातून दुसऱ्याचा पैसा फिरला की पोलिसांच्या कागदावर पहिले नाव त्याचेच येते. कामाच्या आशेने ठेकेदाराकडे आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो देणाऱ्या खाणपट्ट्यातल्या तरुणाने हे ओळखून असावे. आपल्या नावाने खाते किंवा सिम निघाले, तर आपण फिर्यादी असूनही आरोपीच्या बाकावर बसू शकतो.

‘मग साक्षरता वाढवा’ असे दुसरा पक्ष म्हणतो. वाढवावीच. पण डिजिटल अरेस्टच्या नावाखाली आयुष्याची पुंजी गमावणाऱ्यांत निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक आहेत, याकडे डोळेझाक करू नये. आणि आपल्याच इतिहासात याचे जुने उत्तर आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. त्यांना हवी होती ती कर्जखते. दख्खनच्या त्या दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो करताना परक्या इंग्रज सरकारलाही एवढे उमगले होते की ‘न वाचता अंगठा देऊ नका’ म्हणून भागणार नाही. म्हणून कायद्याने अंगठा देण्याची जागाच बदलली. शेतकऱ्याचे खत गावासाठी नेमलेल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, भरलेल्या पैशाची पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा त्याला हक्क असावा, आणि न्यायालयाने खताच्या मागे जाऊन मूळ देणेघेणे तपासावे, असे ठरले. तो कायदा पुष्कळ ठिकाणी लंगडा पडला, सावकारांनी पळवाटा काढल्या, हे खरे. पण त्याची दिशा बरोबर होती.

आधारच्या बाजूनेही एक सच्चे म्हणणे आहे. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले तेच महाराष्ट्रातल्या आदिवासी गावात, नंदुरबारच्या टेंभलीत. त्याआधी मजुरी रोखीने वाटली जाई आणि वाटणाऱ्याच्या हाताला चिकटे; बनावट हजेरीपटांवर मेलेली माणसे कामाला जात. नवी बंधने घातली तर बँकमित्र गाव सोडतील आणि गरिबाला पुन्हा तालुक्याला हेलपाटे पडतील, ही भीतीही पोकळ नाही. म्हणून सोय बंद करा, असे मी म्हणत नाही. पण जी सोय दलालाला हटवण्यासाठी आली, तिने यंत्र हातात घेतलेला नवा दलाल उभा करू नये, एवढे मागणे वाजवी आहे. रिझर्व्ह बँकेने २७ जून २०२५ रोजी या यंत्रचालकांची नीट पडताळणी करण्याचे आणि त्यांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवण्याचे बंधन बँकांवर घातले. म्हणजे प्रश्न चालकाच्या बाजूला आहे, हे तिलाही मान्य झाले. पुढचे पाऊल मला साधे दिसते. चहाच्या टपरीवर पैसे जमा झाले की साउंडबॉक्स रक्कम मोठ्याने सांगतो आणि दुकानदार फसत नाही. मग खात्यातून पैसे निघताना यंत्राने ‘हजार रुपये काढले’ असे इथल्या माडिया बोलीत मोठ्याने का सांगू नये? दुकानदाराच्या राखणीसाठी जे तंत्र सापडले, ते सूरजागडच्या बाईसाठी सक्तीचे करायला कोणतेही नवे संशोधन लागणार नाही.

तोवर जे उपाय हाताशी आहेत त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. आधारचे बायोमेट्रिक लॉक हा उत्तम उपाय आहे, पण तो फोनवरून हाताळायला आधारशी मोबाइल जोडलेला लागतो, आणि लॉक केलेल्या अंगठ्यावर रेशनही अडते. ज्या घरात धान्य आणि पैसा दोन्ही एकाच अंगठ्यावर चालतात, तिथे ‘लॉक करा’ म्हणणे अर्धेच उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला चांगले संरक्षण दिले: चूक बँकेची किंवा ग्राहकाचीही नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर त्याच्यावर तोटा नाही. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवरच. पण ज्याला सूचनाच मिळाली नाही त्याचे दिवस कधीपासून मोजायचे? बँका हा मुद्दा गिऱ्हाइकाच्या विरुद्ध लावतात तेव्हा त्यांना हा नियम वाचून दाखवला पाहिजे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक चोवीस तास चालतो, पण तो फिरवायला रेंज लागते आणि बोलायला माडियाखेरीज दुसरी भाषा. गडचिरोली पोलिसांनी दुर्गम ठाण्यांत आणि मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ उघडली आहे. दाखले, योजना, आधारची कामे तिथे होतात. हेडरी किंवा गट्टा येथे त्याच खिडकीवर माडिया जाणणाऱ्याने तक्रार ऐकून तिथूनच १९३० ला नोंदवावी आणि तीच तारीख बँकेने धरावी. तेंदूचा लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभांना बँकमित्राचे नाव, त्याच्या बँकेचे नाव आणि ‘पावतीशिवाय अंगठा नाही’ हा ठराव भिंतीवर लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

हा अंक वाचणाऱ्यांत एटापल्ली, भामरागड, अहेरीकडे नोकरी करणारे शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, बँक कर्मचारी असतील. त्या भागातले मजूर आपल्या कामावर असलेले ठेकेदारही असतील. त्यांना एवढेच सांगणे आहे. पासबुक भरून घेऊन शेवटच्या सहा महिन्यांतला प्रत्येक व्यवहार माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. खात्याला त्याचा स्वतःचा, नाहीतर घरातला, फोन नंबर जोडला आहे का ते पाहा. झेरॉक्स मागावीच लागली तर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली मागा, आणि काम झाल्यावर ती परत करा किंवा फाडून टाका. न काढलेली रक्कम पासबुकात दिसली, तर त्याच दिवशी त्याच्यासोबत बँकेत जा आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय परतू नका.