गाडीपुढची हवा

गाडी अंगणात उभी आहे. चावी खिशातच राहू द्या. खुर्ची घ्या आणि गाडीसमोर चार-पाच हातांवर निवांत बसा. आज काही खोलायचं नाही, काही लावायचं नाही, फक्त बघायचं आहे.

बंपरवर, नंबर प्लेटवर, आरशांच्या पाठीवर किडे चिकटलेले दिसतील. रात्री समृद्धी महामार्गावरून आलेल्या गाडीवर तर थरच असतो. कुठे जास्त आहेत, कुठे कमी, ते सावकाश बघा. हवा जिथे थेट आदळून अडते, तिथे किडा चेचला जातो. जिथे ती वळून निघून जाते, तिथे तोही बहुधा तिच्यासोबत सुटतो.

आता उठून मागे जा. हॅचबॅक किंवा एसयूव्ही असेल, तर मागच्या काचेवर धुळीचं पूट असेल. शेताच्या कच्च्या रस्त्यानं आलं की ही काच बघता बघता आंधळी होते. धूळ चाकांनी मागे उडवली, गाडी तर पुढे निघून गेली. मग ती धूळ काचेवर आली कशी? या प्रश्नापाशी जरा रेंगाळा. उत्तराची घाई करू नका.

गाडी पुढे सरकते तशी तिच्या पाठीमागची जागा रिकामी होत जाते. छतावरून घसरत आलेली हवा त्या सरळ कापलेल्या कडेपाशी सुटते आणि ती जागा भरायला भोवरे घेत येते. तिथे दाब कमी असतो. धूळ आत ओढली जाते ती त्यामुळेच, आणि त्याच ओढीत गाडीही मागे खेचली जाते. आपण गाडीचं नाक किती टोकदार ते बघत बसतो, पण पेट्रोलचा मोठा वाटा शेपटीकडून जातो. एडमुंड रुम्पलर यांनी १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात थेंबाच्या आकाराची गाडी मांडली होती. ती फारशी खपली नाही. १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या वातबोगद्यात तिची चाचणी झाली, तेव्हा तिचा रोधांक (हवेच्या विरोधाचं माप, कमी तितकं चांगलं) ०.२८ निघाला. आजच्याही कितीतरी गाड्यांना तो आकडा जमत नाही.

पुन्हा खुर्चीत बसा. आता डोळे मिटले तरी चालेल. मनातल्या मनात गाडी कारंज्याजवळ समृद्धीवर चढवा आणि शेलूबाजारच्या दिशेनं निघा. काटा शंभरवर. रस्ता सपाट, मागेपुढे कोणी नाही. आता कल्पनेतच गिअर न्यूट्रल करा आणि पाय उचला. (कल्पनेतच. खऱ्या रस्त्यावर हा उद्योग नको.) काटा उतरू लागतो. शंभराचे नव्वद चटकन होतात, नव्वदचे ऐंशी जरा उशिरा. पुढे उतार मंदावत जातो, आणि चाळिशीला आलेली गाडी किती तरी वेळ नुसती घरंगळत राहते. सुरुवातीला कोण अडवत होतं? आणि नंतर कोणी सोडून दिलं?

हवेनं. वेग दुप्पट झाला की तिचा विरोध चौपट होतो. साध्या गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या थोडं वर असतं, म्हणजे किलोमीटरभर जाताना वाटेत दोन हजार घनमीटरहून जास्त हवा येते. तिचं वजन दोन टनांच्या वर भरतं. गाडी स्वतः टनभराची, आणि दर किलोमीटरला स्वतःच्या दुप्पट वजनाची हवा बाजूला सारायची! ऐंशीऐवजी एकशेवीसनं गेलं, तर तेवढ्याच अंतराला हवेपायी सव्वादोनपट काम पडतं. वाशीमच्या पाटणी चौकातल्या गर्दीत मात्र हवेचा जाच जवळपास नसतो. तिथे पेट्रोल खातात ते ब्रेक, पहिला-दुसरा गिअर आणि कमी हवेचे टायर.

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असं आपण गाडीला विचारतो. माहितीपत्रकातला आकडा ज्या भारतीय चाचणीतून येतो, तिच्यात वेग ९० च्या वर जातच नाही, आणि गाडीही रोलरवर जागच्या जागी धावते. समृद्धीवर गाड्यांना मुभा आहे १२० ची. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि वाशीम जिल्ह्यातल्या गाड्यांना पहिल्यांदाच असा वेग मिळाला. त्या वेगाला कंपनीच्या आकड्याचा आधार नाही. शोरूमवाल्याशी भांडून उपयोग नाही.

आता डोळे उघडा. गाडीकडे पुन्हा बघा आणि तिच्यावर आपण काय काय चढवलंय ते शोधा. मागच्या यात्रेला बांधलेलं, तेव्हापासून रिकामं असलेलं कॅरिअर. पुढचा लोखंडी बंपर गार्ड. रुबाबासाठीचे रुंद टायर. उगाच लावलेला स्पॉयलर. यातलं प्रत्येक हवेला नवा अडथळा आहे.

अमेरिकेत एका हौशी मालकानं जुन्या होंडा सिविकला घरच्या घरी लांब निमुळती शेपूट जोडली आणि लिटरला चाळीसच्या आसपास काढले. ऐकून हात शिवशिवतात. अशा शेपटीला चालतील असे निवडणुकीतले सनपॅकचे (हलक्या प्लास्टिकचे) बोर्डही घरात पडलेले असतात. पण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. बंपर गार्डवर तर डिसेंबर २०१७ पासूनच बंदीचे आदेश आहेत. शिवाय थंड मुलखातली युक्ती इथे तशीच चालत नाही. रेडिएटरची जाळी झाकून हवा वळवायची म्हटली, तर मे महिन्यात वाशीमकडच्या मालेगावच्या पुढे इंजिन उकळलंच समजा. गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा ठोकला, तर पहिल्या पावसात काळ्या मातीचा चिखल त्यावर मुक्कामाला येईल. टायरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त हवा मारून तापलेल्या काँक्रीटवर पळवणं हा तर सरळ वेडेपणा. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर लिहिलेली हवा, टायर थंड असताना भरायची, बस्स.

म्हणजे घरच्या घरी करण्यासारखं आहे ते बहुतेक काढण्याचंच. कॅरिअर आणि गार्ड काढायला पाना लागतो आणि अर्धी सकाळ. मोठ्या रस्त्यावर काचा बंद ठेवायला तेवढंही लागत नाही. वेगाचा हिशेबही सोपा आहे. साठ किलोमीटरला १२० नं अर्धा तास लागतो, ऐंशीनं पाऊण. डावी लेन धरून एक टाकी ऐंशीनं चालवून बघा, दुसरी नेहमीसारखी. दोन्ही वेळा फुल टू फुल भरा, किलोमीटर लिहून ठेवा, आणि पंधरा मिनिटांसाठी आपण किती पैसे मोजतो ते स्वतःच काढा.