गृहत्याग आणि चाकांवरचे घर

अमेरिकेत ‘फुलटायमर’ हा शब्द एका विशिष्ट अर्थाने रूढ आहे. ज्याने राहते घर विकले अथवा सोडले आहे आणि जो बाराही महिने आरव्हीत, म्हणजे निजण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारीत किंवा मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये राहतो, त्याला ही संज्ञा लावतात. सुट्टीपुरते असे वाहन काढणारे पुष्कळ असतात; त्यांच्या सहलीच्या शेवटी घराचे कुलूप उघडायचे असते. फुलटायमरजवळ ते कुलूपच उरलेले नसते. हा निर्णय बहुधा नोकरीतून निवृत्त होण्याच्या सुमारास, मुले मार्गी लागल्यावर, पतिपत्नींनी मिळून घ्यावयाचा असतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठी माणूस वारंवार बदली होणाऱ्या नोकरदाराविषयी सहानुभूतीने वा किंचित उपहासाने वापरतो. तेथे तीच अवस्था काहींना आयुष्याच्या उत्तरार्धाचे ध्येय वाटते.

या निर्णयाची चर्चा प्रायः जमाखर्चाच्या भाषेत होते. घराचे कर्ज तीस वर्षांचे, त्याचा कर, छपराची डागडुजी, हिवाळ्यातले इंधन हे सारे एका बाजूला. गाडीची किंमत, पेट्रोल, मुक्कामाचे भाडे दुसऱ्या बाजूला. ही भाषा क्षुद्र नाही. घर माणसाला राबवते, हे हेन्री डेव्हिड थोरो याने वॉल्डन तळ्याकाठच्या आपल्या झोपडीचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट असा चोख मांडून दाखविले होते. रेल्वेमार्गालगत मजुरांची अवजारे ठेवण्याची सहा फूट लांब, तीन फूट रुंद पेटी पाहून त्याच्या मनात आले, की हवा येण्यापुरती छिद्रे पाडली तर या पेटीतही माणूस रात्र काढील आणि कोणत्याही घरमालकाचे देणे लागणार नाही. आरव्हीचा विचार त्या पेटीला चाके लावण्यापाशीच येऊन ठेपतो. मात्र थोरोचे जे अनुयायी त्याची झोपडी आठवतात, ते तिच्याखालची जमीन विसरतात. जमीन एमर्सनची होती. थोरो तेथे १८४५ ते १८४७ एवढाच काळ राहिला आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्याने काँकर्ड गावात आपल्या घरच्या माणसांबरोबर काढले. यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही. त्याचा प्रयोग कोणाच्या तरी स्थैर्याच्या आधाराने झाला, एवढेच ध्यानात ठेवायचे.

जॉन स्टाइनबेक १९६० च्या शरद ऋतूत निघाला तेव्हा त्याने पिकअप ट्रकवर छोटी खोली बसवून घेतली, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचे ‘रोसिनांते’ हे नाव दिले आणि चार्ली नावाचा कुत्रा बरोबर घेतला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले. चाकांवरच्या घरांत राहणारी कुटुंबे त्याला वाटेत भेटली आणि मुळे रुजणे ही माणसाची खरोखरच गरज आहे काय, असा प्रश्न त्याला पडला. प्रश्न प्रामाणिक होता. पण तो विचारणाऱ्याचे घर सॅग हार्बर येथे शाबूत होते. प्रवासाला घर लागते, कारण प्रवास परतण्याने पुरा होतो. वारीचेही असेच आहे. पंढरीची वाट दरवर्षी चालणारा वारकरी गृहस्थ असतो. पेरणी, गुरे, पोरेबाळे यांच्यातून तो निघतो आणि त्यांच्यातच परत येतो. फुलटायमरची तुलना वारकऱ्याशी करण्याचा मोह म्हणून आवरला पाहिजे. त्याचा खरा पूर्वज परिव्राजक आहे. निदान तसे भासते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये ‘अनिकेत’ हा शब्द येतो. ज्याला निकेत, म्हणजे वसतिस्थान नाही, तो. ज्ञानेश्वरांनी या शब्दापाशी आल्यावर केलेली गोष्ट विलक्षण आहे. त्यांनी घर नाकारले नाही. घराची सीमाच विश्वाएवढी वाढविली. ‘जेथे गाडी उभी करू तेथे घर’ असे आजचा फुलटायमर म्हणतो, तेव्हा शब्दांपुरते दोघे जवळ येतात. पण विश्व हे घर झाल्यावर विश्वातल्या प्रत्येकाचे दुखणेखुपणे घरचे होते, हा ज्ञानेश्वरांच्या कल्पनेतला अवघड भाग होय. घराला अंगण असते तसे घरातले आजारपणही असते. ॲरिझोनाचे वाळवंट अंगण म्हणून स्वीकारणाऱ्याने तेथल्या माणसांची कोणती जबाबदारी स्वीकारली, असे विचारले की अनिकेत आणि नुसता स्थानमुक्त यांतील अंतर दिसू लागते.

शासनाला तर अनिकेत ही कल्पनाच मानवत नाही. वाहनाचा परवाना, विमा, कर, मतदान यांपैकी प्रत्येक गोष्टीला पत्ता हवा. त्यासाठी फुलटायमर टपाल पुढे पाठविणाऱ्या एखाद्या संस्थेचा पत्ता घेतात आणि साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा यांपैकी एका राज्याचे रहिवासी बनतात. ही राज्ये निवडण्यामागचे एक उघड कारण असे, की तेथे राज्याचा प्राप्तिकर नाही. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती परवान्यासाठी अनेक वर्षे पुरेशी मानली गेली. २०२३ मध्ये मात्र मतदारनोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट त्या राज्याने घातली. जमिनीचेही नियम आहेत. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील मोकळ्या सार्वजनिक जमिनीवर साधारणपणे चौदा दिवस राहता येते, नंतर हलावे लागते. क्वार्टझाइटसारख्या ठिकाणी १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात दीर्घ मुक्कामाची परवानगी मिळते, म्हणून हिवाळ्यात तेथे गाड्यांचे गावच वसते. शहरांतील स्थिती याहून कठोर आहे. ग्रँट्स पास या शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली असा निर्णय दिला, की सार्वजनिक जागी मुक्काम ठोकणाऱ्यास शिक्षा करणे राज्यघटनेच्या विरुद्ध ठरत नाही. म्हणजे ज्याला रस्ता हेच घर वाटते त्याला कोठे थांबू द्यायचे, हे अखेर स्थिर वस्तीचे लोक ठरवितात.

मराठी वाचकाला या ठिकाणी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आठवणे अपरिहार्य आहे. गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती हकीकत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावकुसाबाहेरचा संशय रद्द झाला नव्हता. त्या आत्मकथनात भटकणे हे स्वातंत्र्य म्हणून कोठेही येत नाही. ज्याला घर मिळालेच नाही त्याच्या तोंडी गृहत्यागाची भाषा घालणे क्रूरपणाचे होईल. त्याग या शब्दाच्या पोटात पूर्वीचे स्वामित्व गृहीत असते; जे होते तेच टाकता येते.

हा भेद अमेरिकेतही आहे, फक्त तो बाहेरून दिसत नाही. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ मधील पुस्तकात २००८ च्या आर्थिक कोसळणीनंतर घर, बचत वा नोकरी गमावलेली उतारवयातील माणसे भेटतात. ती व्हॅनमध्ये राहतात, साखरेच्या बीटची काढणी, गोदामातील मालाची उचल, छावण्यांची साफसफाई अशी हंगामी कामे शोधत फिरतात. घर विकून हौसेने निघालेल्या जोडप्याची गाडी आणि यांची गाडी एकाच मैदानात शेजारी उभी असू शकते. दोघेही ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उच्चारतात. एकाने तो निघण्यापूर्वी उच्चारलेला असतो, दुसऱ्याने निघाल्यानंतर, झालेल्या गोष्टीला सोसण्याजोगे रूप देण्यासाठी. त्या पुस्तकातील प्रमुख स्त्रीचे स्वप्न काय आहे? जुने टायर आणि रिकाम्या बाटल्या वापरून स्वतःच्या जमिनीवर एक घर बांधावे, हे. क्लोई झाओ यांनी २०२० मध्ये केलेल्या चित्रपटात रस्त्याची उदास रमणीयता अधिक आणि हे हट्टी स्वप्न कमी आहे. पुस्तक या बाबतीत अधिक खरे आहे.

तेव्हा प्रश्न ज्याला निवड आहे त्याच्यापुरताच उरतो, आणि त्याच्यासाठी तो अधिक कडक होतो. धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाश्रमाला जे महत्त्व दिले ते गृहस्थ सुखी असतो म्हणून नव्हे. बाकीचे तिन्ही आश्रम त्याच्या आधाराने जगतात म्हणून. घर हे केवळ मालकाच्या निवाऱ्यासाठी नसते, ते दुसऱ्याला येता यावे म्हणूनही असते. तिथी न सांगता येणारा तो अतिथी. त्याला घर सापडले पाहिजे. माहेरपणाला येणारी मुलगी, परीक्षेसाठी चार दिवस राहणारा भाचा, भांडून आलेला भाऊ, या सर्वांचा त्या घरावर न लिहिलेला हक्क असतो. अमेरिकेत हे नातेसंबंध विरळ आहेत असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे, पण थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तेथले रस्ते कोणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी भरतात, हे पाहिले की ती समजूत फारशी टिकत नाही. घर विकणारे जोडपे स्वतःची गैरसोय स्वीकारते. परंतु ते यजमानपदही सोडते, आणि यापुढे मुलांच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत पाहुणे म्हणून उभे राहणार असते. वस्तूंचे ओझे कमी झाले हे ते अभिमानाने सांगते. त्यांतले फोटोंचे खोके बहुधा मुलीच्या माळ्यावर गेलेले असते.

परिव्राजकाला हे परावलंबन ठाऊक होते. महानुभाव साधकांना चक्रधरांनी अटन सांगितले, तशी भिक्षाही सांगितली. रोज कोणाच्या तरी दारी हात पसरण्यात अहंकाराचे खंडन आहे असे म्हटले जाते, ते खरेच आहे. पण त्यात एक ऋणाचा उच्चारही आहे. चूल कोणी तरी पेटती ठेवली म्हणून आपले फिरणे चालते, हे भिक्षेकऱ्याला दररोज कबूल करावे लागते. फुलटायमर भाडे देतो आणि देणे फिटले असे मानतो. ते पूर्णपणे फिटत नाही. अमेरिकेत गावच्या शाळांचा मोठा भार स्थावर मालमत्तेवरील करातून उचलला जातो. रात्री छातीत कळ आली तर धावून येणारी रुग्णवाहिकाही कोणत्या तरी छोट्या गावाने पोसलेली असते. यावरून घर सोडूच नये असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे ठरेल. पण प्राप्तिकर नसलेले राज्य शोधून पत्ता घेणे आणि स्वतःला जगाचा नागरिक म्हणवणे, या दोन गोष्टी एकत्र नांदताना पाहणाऱ्याला संकोच वाटला तर तो संकोच अस्थानी नाही.

राहिला प्रश्न दोघांचा. जुन्या मराठीत ‘कुटुंब’ आणि ‘मंडळी’ हे शब्द पत्नीसाठी वापरीत. भाषेनेच तिला घराशी एकरूप करून टाकले होते, त्यामुळे पुरुषाचे घर सोडणे म्हणजे प्रत्यक्षात तिला सोडणे असे. मनुस्मृती नातू पाहिलेल्या, केस पिकलेल्या गृहस्थाला वनात जाण्यास सांगते, तेव्हा पत्नीला मुलांकडे सोपवावे किंवा बरोबर न्यावे, असे दोन पर्याय ठेवते. निवड तिची नाही. बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्य निघण्यापूर्वी मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात वाटणी करून देऊ पाहतो. धनाने अमृतत्व मिळेल काय, हा मैत्रेयीचा प्रश्न अजरामर झाला. कात्यायनीचा एकही शब्द नोंदलेला नाही. तिच्या वाट्याला घर आले असावे. आजच्या जोडप्यात प्रकार सूक्ष्म असतो. रस्त्याचे स्वप्न एकाचे, आणि दुसऱ्याची केवळ संमती. वीस-तीस फुटांच्या जागेत नाराजी ठेवायला वेगळी खोली नसते. त्यातून परतायचे ठरले तरी विकलेले घर त्या किमतीला सहसा मिळत नाही आणि गाडीचे मोल मात्र पहिल्या वर्षापासून उतरत गेलेले असते. म्हणून काही जोडपी घर भाड्याने देऊन वर्षभर फिरून पाहतात. हा मार्ग धीट माणसांना कमकुवत वाटतो. वस्तुतः ज्याने केवळ संमती दिली आहे त्याच्या दृष्टीने तोच न्याय्य आहे.

रस्ता कधी तरी संपतो. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने फुलटायमरांसाठी ‘एस्केपीज’ नावाची संघटना स्थापन केली. नावात पळून सुटण्याचा आनंद आहे. याच संघटनेच्या टेक्ससमधील लिव्हिंग्स्टन येथील तळाला लागून एक केंद्र उभे राहिले. वयामुळे वा आजारामुळे ज्यांना यापुढे गाडी चालविता येत नाही, अशा सभासदांसाठी ते आहे. त्यांच्या गाड्या तेथे कायमच्या उभ्या राहतात, पाण्याच्या आणि विजेच्या जोडण्या घट्ट बसतात, जेवण समाईक सभागृहात मिळते, औषधांची आठवण करून द्यायला आणि डॉक्टरकडे न्यायला कोणी तरी येते. मदतीला येणाऱ्यांत अजून रस्त्यावर असलेले फुलटायमरही असतात; काही आठवडे थांबतात, कोणाला दवाखान्यात नेतात, स्वयंपाकघरात हात लावतात आणि मग आपली गाडी पुढे काढतात.