मुस्लिम देश म्हणजे नेमका कोणता देश?

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या हिवरा आश्रम या गावात विवेकानंद पावलोपावली भेटतात. शाळेच्या भिंतीवर, महाविद्यालयाच्या फाटकावर, पौष वद्य सप्तमीच्या जयंती उत्सवात. शिकागोची 1893 ची धर्मपरिषद इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. विवेकानंदांच्या दुसऱ्या परदेश प्रवासाचा शेवट मात्र व्याख्यानांतून माझ्या कानावर फारसा आलेला नाही. 24 ऑक्टोबर 1900 ला ते पॅरिसहून ओरिएंट एक्स्प्रेसने निघाले, व्हिएन्नामार्गे उस्मानी सुलतानाच्या राजधानीत, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचले, अथेन्स पाहून कैरोला गेले आणि 26 नोव्हेंबरला इजिप्तहूनच मुंबईच्या जहाजात बसले. मुसलमानाचा पाहुणचार त्यांना त्याआधीही नवा नव्हता. शिकागोला जाण्याच्या दोन वर्षे आधी, 1891 मध्ये, अबूच्या पहाडावर ते एका मुस्लिम वकिलाच्या घरी उतरले होते. तुमच्या जेवणाची वेगळी सोय करतो, असे वकीलसाहेबांनी आपण होऊन सांगितले. स्वामींनी ते मनावर घेतले नाही. खेतडीच्या राजाच्या चिटणिसाला मात्र राहवेना. हिंदू संन्यासी मुसलमानाच्या घरी कसा, असे त्याने विचारलेच. मी संन्यासी आहे, तुमच्या रूढींच्या पलीकडचा, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

या प्रसंगात मला स्वामींच्या उत्तराइतकाच वकिलाचा संकोच महत्त्वाचा वाटतो. पाहुण्याला कशाची अडचण होईल, याचा विचार यजमान आधीच करून बसला होता. पहिल्यांदा मुस्लिम देशात निघालेल्या आपल्या माणसाला नेमके हेच ठाऊक नसते. तो दोन टोकांपैकी एखादे धरतो. एक तर धास्ती: काय बोलावे, काय घालावे, कुठे बसावे, सगळ्याचीच भीती. नाही तर गुर्मी: पैसे मोजलेत, आपण आपल्यासारखेच वागणार. सहल कंपन्यांच्या सूचनापत्रकांतून यातले पहिले वाढते, दुसरे कमी होत नाही. कारण त्या पत्रकांत कायदा आणि रीत एकाच रांगेत छापलेली असतात. डाव्या हाताने देऊ-घेऊ नका आणि बंदी असलेली औषधे नेऊ नका, या दोन सूचना एकाच मापाच्या कशा असतील? पहिली चुकली तर समोरचा हसून सोडून देईल. दुसरी चुकली तर कोठडी.

रीतीपुरते बोलायचे तर बुलढाणा जिल्ह्यातला माणूस तसा कोरा नाही. मुस्लिम राजवटीशी इथली ओळख जुनी: आमच्या जवळच्या साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि त्या लढाईतून हैदराबादचे राज्य उभे राहिले. जिल्ह्यातल्याच सैलानीबाबांच्या यात्रेला होळीत नारळ टाकणारे आणि संदलच्या मिरवणुकीत चालणारे हात कुणा एका धर्माचे नसतात. दर्ग्यात शिरताना चपला बाहेर काढाव्यात, डोक्यावर निदान रुमाल तरी टाकावा, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. हजहून परतलेल्या शेजाऱ्याला भेटायला गेले की खजूर आणि झमझमचे पाणी हातावर येते, आणि ते उजव्या हातानेच घ्यायचे हे सहा वर्षांच्या पोरालाही कळते.

पण खरी फसगत इथूनच सुरू होते. शेजारच्या मोहल्ल्यात पाहिलेला इस्लाम म्हणजेच जगभरचा इस्लाम, असे आपण धरून चालतो. सैलानीला जाणारा माणूस उझबेकिस्तानात बुखाऱ्याजवळच्या बहाउद्दीन नक्शबंदांच्या मजारीवर गेला, किंवा तुर्कस्तानात कोन्याला मौलाना रूमींच्या समाधीपाशी उभा राहिला, तर त्याला फारसे परके वाटणार नाही. तोच माणूस रियाधला गेला, तर कबरीवर फुलाची पाकळीही दिसणार नाही. सौदी अरेबियाचे राजे अब्दुल्ला 2015 मध्ये वारले, तेव्हा त्यांना सार्वजनिक दफनभूमीत नाव न कोरलेल्या साध्या कबरीत ठेवले गेले. तिथल्या धर्मविचाराला मजारपूजा मान्य नाही. आपल्याकडचा सर्वधर्मसमभाव दाखवायला तिथे कुणी कबरीवर चादर घेऊन निघाला, तर ते कौतुकाने घेतले जाणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की ‘मुस्लिम देशात कसे वागावे’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. इंडोनेशियात जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त मुसलमान राहतात. त्या देशाच्या विमान कंपनीचे नाव गरुडा, आणि प्रंबाननच्या प्राचीन मंदिरांसमोर होणाऱ्या रामायण नृत्यनाट्यात मुस्लिम कलावंत राम-सीता उभे करतात. मालदीव हाही मुस्लिम देश, पण तिथे पूजेच्या मूर्ती नेण्यास सीमाशुल्क खात्याची मनाई आहे. पाकिटातला छोटा गणपती सोबत नेण्याची सवय असलेल्यांनी हे निघण्याआधी लक्षात घ्यावे. इराणमध्ये बाईने डोके झाकणे हा कायदा आहे. सौदीत परदेशी बाईवर आता अबायाची सक्ती नाही, अंगभर साधे कपडे मात्र हवेत. इस्तंबूलच्या रस्त्यावर कुणी काहीही घालो, मशिदीत शिरताना ओढणी लागते. रमजानात कुवेतमध्ये दिवसा उघड्यावर खाणे-पिणे 1968 च्या कायद्याने गुन्हा आहे. दुबईत 2021 पासून उपाहारगृहांवर पडदे लावण्याचीही सक्ती राहिलेली नाही. सुट्टीचा वारसुद्धा एक नाही. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार धरला, सौदीत अजून शुक्रवार-शनिवारच आहे. मक्केत गैरमुस्लिमाला प्रवेश नाही. अबू धाबीची शेख झायेद मशीद कोणत्याही धर्माच्या माणसाला आत येऊ देते. हे सगळे एका पत्रकात कोंबायला गेले की उरते ती नुसती भीती.

त्यापेक्षा कायदा वेगळा काढावा आणि तो शब्दशः पाळावा. यात धर्म किती, याचा काथ्याकूट करत बसू नये. मुंबईचे एक मुस्लिम जोडपे जुलै 2019 मध्ये कतारला गेले. सहल एका नातेवाईक बाईने भेट दिलेली; जाताना तिने एक पाकीटही सोबत दिले. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोंवर चरस निघाले. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती, ती तुरुंगातच बाळंत झाली. फसवणूक सिद्ध झाल्यावर एप्रिल 2021 मध्ये ते मुलीला घेऊन घरी आले. नमाज, रोजा, अदब यातले त्यांना कुणी काही शिकवण्याची गरज नव्हती. ते अडकले दुसऱ्याची वस्तू बॅगेत टाकल्यामुळे. आपल्याकडे तर कुणी आखाताला निघाला की गल्लीतली माणसे लोणच्याची बरणी, मसाला, भाच्यासाठी डबा घेऊन दारात हजर. नाही म्हणायला जड जाते. तरी नाही म्हणा, आणि घेतलेच तर डबा स्वतःच्या हाताने उघडून, रिकामा करून, परत भरून घ्या. देणाऱ्या काकूंना राग आला तर येऊ द्या.

औषधांचे तसेच. कंबरदुखीवर आपल्याकडे सहज लिहून दिली जाणारी ट्रॅमाडॉल, मज्जातंतूंच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन, कोडीन असलेले खोकल्याचे औषध: अमिरातीत यांच्यावर नियंत्रण आहे आणि ती नेण्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. इजिप्तमध्ये 2017 साली एका ब्रिटिश पर्यटक बाईला ट्रॅमाडॉलच्या 290 गोळ्या नेल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा गोळ्यांची पाकिटे फोडून प्लॅस्टिकच्या डबीत भरू नका, मूळ पट्टीतच ठेवा आणि डॉक्टरांची सहीशिक्क्याची चिठ्ठी सोबत असू द्या. दिवाळीच्या फराळाचा डबा नेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खसखस अमिरातीत बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. म्हणजे खसखशीवर थापलेला अनारसा घरीच खाऊन निघायचे. गुटखा-पानमसाल्याच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या महाराष्ट्रातही बंद आहेत, हे कागदोपत्री का होईना सगळ्यांना माहीत आहे.

कामासाठी जाणाऱ्या पोरांचा धोका याहून मोठा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर इसीआरचा शेरा असतो आणि आखातातल्या देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची परवानगी लागते. ती टाळण्यासाठी एजंट पर्यटक व्हिसावर पाठवतो आणि तिकडे गेल्यावर बघू म्हणतो. पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. मग पगार बुडाला तरी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणाऱ्यासमोर हा आकडा ठेवून पाहा, त्याचा चेहराच सगळे सांगेल. एक साधी गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा: अमिरातीत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, मेसेज जातो. कॉल लागला नाही म्हणून आईने रात्रभर जागत बसू नये.

रीतीच्या बाबतीत मात्र मी इतका कडक नाही. तिथे चूक झाली तर माफी असते आणि माणसे सांभाळून घेतात. बाईने हात पुढे केला तरच हस्तांदोलन करावे, नाही तर छातीवर हात ठेवून मान लववावी. आपला नमस्कारही चालून जातो. न विचारता कुणाचे, विशेषतः बायकांचे, फोटो काढू नयेत, आणि अमिरातीत तर ही रीत नसून कायदाच आहे. शाकाहाऱ्याने नुसते ‘मटण नको’ म्हणून भागत नाही, कारण समोर कोंबडी येऊ शकते. मध्य आशियात भाजी मांसाच्या रश्श्यात शिजलेली निघते, म्हणून रस्सा कशाचा हेही विचारावे. अरब घरात बसल्यावर दल्ला नावाच्या किटलीतून कहवा येतो. वेलदोडा घातलेला, फिकट, बिनसाखरेचा, मुठीत मावेल अशा बिनकानाच्या कपात, तोही अर्धाच. तो संपवून कप नुसता पुढे केलात की पुन्हा ओततात, परत पुढे केला की परत. पुरे झाले असेल तर कप दोन बोटांत धरून जरासा हलवायचा. पंगतीत पत्रावळीवर आडवा हात धरतो ना, तसेच हे. पौषात विवेकानंद आश्रमाच्या महापंगतीला लाखांवर माणसे शेतात बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी येते आणि कुणी कुणाची जात विचारत नाही. तिथे वाढप केलेल्या पोराला अरबाच्या मजलिसीत कसे बसावे हे कळायला पाच मिनिटे पुरतात.

उरतो तो जिभेचा आणि बोटांचा संयम. एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत अमिरातीत काम करणाऱ्या काही भारतीयांनी मुसलमानांविरुद्ध गरळ ओकणाऱ्या पोस्ट टाकल्या आणि नोकऱ्या गमावल्या. अखेर भारताच्या तिथल्या राजदूतांना जाहीरपणे आपल्या लोकांची कानउघाडणी करावी लागली. ती माणसे अडाणी नव्हती, चांगल्या पगाराची होती. गावच्या ग्रुपवर जे रोज फॉरवर्ड होते, तेच त्यांनी तिथे लिहिले. मला यात फक्त व्यवहाराचा धडा दिसत नाही. तिकडे नोकरी जाईल म्हणून जो तोंड आवरतो, तो इकडे का आवरत नाही? शेजारी हाजी असताना जे बोलायला लाज वाटत नाही, ते मालक अरब असल्यावर बोलवत नाही, याला सभ्यता कशी म्हणावी? प्रवासाच्या सल्ल्यात ही गोष्ट कुणी लिहीत नाही, आणि सगळ्यात आधी लिहायला हवी ती हीच.

हजला जाणाऱ्यांसाठी हज कमिटी निघण्याआधी प्रशिक्षण शिबिरे घेते. सामान किती, औषधे कशी न्यायची, गर्दीत चुकामूक झाली तर कुणाकडे जायचे, इथपासून शिकवतात. कामाला किंवा फिरायला जाणाऱ्या बाकीच्यांना इथे गावात असे काहीच मिळत नाही. मेहकर-चिखली भागात आखातात दहा-दहा वर्षे राबून आलेले गवंडी, वायरमन, ड्रायव्हर आहेत, हजहून आलेली जोडपी आहेत. हिवरा आश्रमातल्या महाविद्यालयांनी आणि तालुक्याच्या ट्रॅव्हल्सवाल्यांनी वर्षातून एक दिवस त्यांना बोलवावे, शेजारी एखादा औषध दुकानदार आणि एखादा वकील बसवावा, आणि निघणाऱ्यांना हवे ते विचारू द्यावे. खर्च फक्त चहाचा आहे.